भूल देणाऱ्याचे नाव

अनुभवाचे पत्र जेमतेम पाऊण पानाचे होते. हुमेराने ते उभ्यानेच वाचले, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचले. 'डॉ. हुमेरा अस्लम करजीकर यांनी या रुग्णालयात दोन वर्षे चार महिने वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केले. बाह्यरुग्ण विभाग, लसीकरण व शालेय आरोग्य तपासणी ही कामे त्यांनी समाधानकारकरीत्या पार पाडली. त्यांची वर्तणूक चांगली आहे.' खाली अधीक्षक डॉ. दत्तात्रेय गावंड यांची सही, आणि सहीवर अर्धवट उमटलेला गोल शिक्का.

भूल देण्याच्या कामाचा शब्दही नव्हता.

पेण आणि नागोठण्याच्या मध्ये, महामार्ग सोडून खाडीच्या अंगाला आत गेल्यावर ते तीस खाटांचे रुग्णालय लागते. हुमेरा तिथे रुजू झाली तेव्हा सिझेरियनची गरज पडली की बाईला गाडीत घालून अलिबागला नाही तर पनवेलला पाठवत. गावंड सर शस्त्रक्रिया करू शकत होते, पण भूल द्यायला माणूस नव्हता. हुमेरा सरकारी योजनेतून अठरा आठवड्यांचे भुलीचे प्रशिक्षण घेऊन आली आणि त्यानंतर एकाही बाईला रस्त्यावर बाळंत व्हावे लागले नाही. एकशे सत्त्याऐंशी बायकांच्या मणक्यात तिने स्वतः सुई घातली होती. त्यांतल्या दोघी हाताबाहेर चालल्या होत्या. त्याही घरी गेल्या, चालत.

या कामातून तिला कळले की आपल्याला आणखी शिकायचे आहे. अठरा आठवड्यांत जे शिकवतात ते जीव वाचवायला पुरते, पण जीव का वाचला ते समजायला पुरत नाही. स्कॉटलंडमधल्या एका रुग्णालयाने तिची परीक्षा पाहिली, मुलाखत घेतली आणि भूलशास्त्राच्या प्रशिक्षणासाठी जागा देऊ केली. अट एकच. किती रुग्णांना स्वतः भूल दिली, हे ज्याच्यासोबत काम केले त्या शल्यचिकित्सकाने सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावे. मुदत शुक्रवारपर्यंत होती. आज मंगळवार.

"सर, कारकुनाची काहीतरी गल्लत झाली आहे," ती म्हणाली. "थिएटरचं काम राहिलंच यात."

गावंडांनी चष्मा कपाळावर सरकवला. साठीला टेकलेला, रुंद खांद्यांचा माणूस. बाप मिठागरावर फावडे ओढत होता आणि हा मुलगा खाडीकाठच्या त्या गावातला पहिला डॉक्टर झाला. हुमेराला शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी न घाबरता उभे राहायला त्यांनीच शिकवले होते.

"गल्लत नाही. नोंदीप्रमाणे लिहिलंय."

"नोंदीत तर माझंच नाव असणार."

"महिपतीला विचार," असे म्हणून त्यांनी समोरची फाइल ओढली.

महिपती हा कार्यालयातला कारकून. दर महिनाअखेरीस थिएटरच्या कच्च्या कागदांवरून मोठ्या बांधीव नोंदवहीत तो सारे सुवाच्य अक्षरात उतरवून काढी. तिला सगळे पक्की वही म्हणत. तिच्याकडे डॉक्टर कधी फिरकत नसत. हुमेरानेही ती आजवर उघडली नव्हती. महिपतीने कपाटातून वही काढून दिली आणि स्वतः खिडकीबाहेर पाहू लागला.

सहावा रकाना, 'भूल देणाऱ्याचे नाव'. पहिल्या ओळीत डॉ. मितेश गावंड. दुसऱ्या ओळीत तेच. तिने पान उलटले, मग दहा पाने एकदम उलटली. दोन वर्षे चार महिने एकच नाव, एकाच निळ्या शाईत, मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेले. प्रत्येक महिन्याच्या शेवटी अधीक्षकांची आणि मुख्य परिचारिकेची सही.

मितेश हा गावंडांचा मुलगा. कागदोपत्री तोही याच रुग्णालयात कंत्राटी वैद्यकीय अधिकारी होता. प्रत्यक्षात मुंबईत राहून परीक्षेची तयारी करी आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येऊन मस्टरवर तीस दिवसांच्या सह्या करून जाई. हे सगळ्यांना ठाऊक होते. हुमेरालाही ठाऊक होते. साहेबांचा मुलगा आहे, आपल्याला काय करायचंय, असे म्हणून तीही त्या मस्टरवरून नजर फिरवून पुढच्या ओळीत आपली सही करत आली होती. आज त्या आठवणीने तिचे कान तापले.

ती परत आत गेली तेव्हा गावंडांनी फाइल मिटली.

"दार लाव. बस. हे बघ, मितेशचं पत्र मागच्या महिन्यातच गेलं. तोही भुलीच्याच प्रशिक्षणाला चाललाय, इंग्लंडला. आता एकाच बाईला दोघांनी भूल दिली असं मी कसं लिहू?"

"दोघांनी दिलीच नाही, सर. मी दिली."

"ते मला माहीत आहे." ते इतक्या सहज म्हणाले की हुमेराला क्षणभर वाटले, आपणच काहीतरी अवाजवी मागतो आहोत. "तुझ्या हाताची तारीफ मी सगळीकडे करतो. पण तुला घाई कसली? वय आहे का तुझं? पुढच्या वर्षी कर अर्ज. आणि तुमच्यातली माणसं जातातच की बाहेर. तुझा बाप होता, चुलते आहेत. कोणी ना कोणी काढेल व्हिसा. आमच्यात कोण आहे? मला जायचं होतं चौऱ्याण्णव साली. पत्र हातात होतं. आईबापाला मिठागरावर सोडून नाही गेलो. निदान मुलानं तरी जावं."

"माझे अब्बा कुवेतला क्रेनवर होते, सर. त्यांनी मला भूल द्यायला नाही शिकवलं."

गावंडांच्या चेहऱ्यावर किंचित नाराजी आली, पण आवाज चढला नाही. "मी एक करतो. 'भूल देण्याच्या कामी साहाय्य केले' असं एक वाक्य घालतो. चालेल ना?"

ती उठली आणि दार उघडून बाहेर पडली.

रोह्याला घरी पोचली तेव्हा अस्लमभाई ओट्यावर बसून पंख्याची जाळी पुसत होते. लेकीचा चेहरा पाहून त्यांनी फडके बाजूला ठेवले. तिने सगळे सांगितले. आतून तिची आई अमीनाही येऊन उंबऱ्यात उभी राहिली.

"साहाय्य लिहितो म्हणतो ना? मग घे," अस्लमभाई म्हणाले. "कागदावर काय लिवलंय ते कोन बघतंय? मी बावीस वर्सं कुवेतला कागदावर हेल्परच होतो. क्रेन मीच चालवायचो. लायसन दुसऱ्याच्या नावावर. बिघडला काय? तू शिकलीस ना?"

"आणि जो लायसनवाला होता तो?"

"तो हापिसात बसायचा. मग फोरमन झाला."

"आणि तुम्ही?"

अस्लमभाईंनी फडके पुन्हा हातात घेतले. अमीना म्हणाली, "तिला कशाला गप करताय? तुमी गप बसलात ते पुरे नाय झालं?"

"मी गप बसलो म्हणून पोर डॉक्टर झाली," ते पुटपुटले, पण त्यानंतर 'घे' म्हणाले नाहीत.

बुधवारी सकाळी निडीवरून जाणाऱ्या गाडीने हुमेरा निघाली, ती मनाशी एकच गोष्ट घोळवत. केसपेपरवर तिच्या सह्या होत्या, पण अभिलेख खोलीची किल्ली अधीक्षकांकडे असे. तिच्याकडे स्वतःचे असे काहीच नव्हते. एकशे सत्त्याऐंशी बायका गावोगावी पोरे खेळवत असतील. त्यांना जाऊन सांगायचे काय, माझी साक्ष द्या म्हणून?

मुख्य परिचारिका चंद्रावतीबाई म्हात्रे वॉर्डाच्या दाराशीच उभ्या होत्या. गडब गावच्या. चौतीस वर्षे नोकरी झालेली, चार महिन्यांनी निवृत्ती. इतरांसमोर त्या हुमेराला मॅडम म्हणत, एकट्यात मात्र लेकीसारखे बोलत.

"हिकडं ये गो," म्हणून त्यांनी तिला चादरींच्या खोलीत नेले. "महिपती सांगला मला. मुडद्याला आता वाचा फुटलीय. दोन वर्सं काय जीभ गहाण ठेवलेली?"

"सिस्टर, वहीवर तुमचीही सही आहे."

चंद्रावतीबाईंचा चेहरा उतरला. "हाय. दर महिन्याची हाय. तो वही आनून ठेवायचा, बोट ठेवील तिथं मी सही करायची. वाचली नाय कधी. चौतीस वर्सं पोरींना सांगत आले, न वाचता सही करू नका." त्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसल्या. "माज्या मृणालीच्या ओळीत पन त्याचंच नाव हाय काय?"

मृणाली ही त्यांची सून. मे महिन्यात तिचे सिझेरियन झाले होते. मणक्यात दिलेली भूल छातीपर्यंत वर चढली, श्वास अडला, आणि हुमेरा तिचा जबडा धरून श्वास देणारा फुगा दाबत पाऊण तास उभी होती. बाळ रडले, आईनेही डोळे उघडले, त्यानंतर हुमेराची बोटे बराच वेळ सरळ होत नव्हती.

"आहे," हुमेरा म्हणाली. "मी ती ओळ मुद्दाम बघितली."

चंद्रावतीबाई ताडकन उठल्या. दार उघडून त्यांनी हाक मारली, "केरू, कॉल बुकं काढ. समदी."

केरूमामा हा पन्नाशी उलटलेला शिपाई. खाडीकडच्या बाजूला फोनची रेंज भरवशाची नाही, त्यामुळे त्या रुग्णालयात डॉक्टरला बोलवायची जुनीच रीत चालू होती. रुग्णाचे नाव, बोलावल्याची वेळ, कोणाला बोलावले हे परिचारिका एका वहीत लिही. केरूमामा ती काखेत मारून क्वार्टरवर जाई. आलेल्या डॉक्टरने वेळ घालून सही करायची आणि मगच रुग्णाला हात लावायचा. फोन करून पेणहून बोलावलेल्या गावंडांनाही ती सही चुकलेली नव्हती. ही शिस्त गावंडांनीच घालून दिली होती. बारा वर्षांपूर्वी एका डॉक्टरने 'मला बोलावलंच नाही' असे म्हणून हात झटकले आणि दोष एका परिचारिकेवर आला, तेव्हा ते तिच्या बाजूने उभे राहिले होते. त्यानंतर त्यांचा हुकूम होता की कॉल बुकाचे एक पानही टाकायचे नाही.

केरूमामाने कपाटामागून हुमेरा रुजू झाल्यापासूनच्या नऊ वह्या काढल्या. धूळ झटकत म्हणाला, "सायबांनी सांगितलेलं, टाकू नको. म्हनून नाय टाकल्या. रद्दीवाला दोनदा फिरून गेला."

हुमेराने मे महिन्याची वही उघडली. एकोणीस तारखेचे पान सापडताच चंद्रावतीबाईंनी वाकून पाहिले.

"या दिशी तर मितेशचा साखरपुडा होता गो. रामवाडीला, हॉलमधी. आमी समदी जेवायला जानार होतो. मृणालीला कळा आल्या म्हनून मी ऱ्हायले."

पानावर चंद्रावतीबाईंचेच अक्षर होते. मृणाली म्हात्रे, दुपारी बारा चाळीस. त्यापुढे हुमेराची सही, बारा पन्नास. आणि तिच्या खाली दुसरी सही, एक पंचवीस, द. गावंड. मुलाचा साखरपुडा अर्ध्यावर टाकून ते आले होते. अंगात रेशमी कुर्ता, कपाळावर कुंकू, तसेच हात धुवायला धावले होते. चंद्रावतीबाई त्या दिवशी त्यांच्या पाया पडल्या होत्या.

"चला," त्या आता म्हणाल्या.

"सिस्टर, तुम्ही नका येऊ. चौकशी झाली तर तुमची सही आधी बघतील. चार महिने राहिलेत."

"म्हनूनच येते. चार महिने गप ऱ्हायला मला जमायचं नाय."

गावंडांनी वही पाहिली. त्यांनी एकोणीस मे हे पान वाचले, मग आपल्याच सहीवर अंगठा ठेवला. बाहेर ओपीडीत कोणाचे तरी मूल किरकिरत होते.

"हिची सून माझ्यासमोर निळी पडली होती," ते म्हणाले. "तू नसतीस तर गेली असती."

"मग तिथे मितेशचं नाव कसं आलं, सर? तो त्या वेळी रामवाडीला पाटावर बसला होता. त्याला तिथे बसवून तुम्हीच आलात ना?"

"महिपती आपला सरसकट लिहीत गेला." त्यांनी कॉल बुक मिटले. "मीच सांगितलं होतं." मग एखादा अवघड रुग्ण वाटून घ्यावा तसे पुढे झुकले. "अर्ध्या तू घे. एकशे सत्त्याऐंशीतल्या नव्वद तुझ्या. तुलाही पुरतील, त्यालाही पुरतील."

"कोणत्या अर्ध्या?" हुमेराने विचारले. "मृणाली कोणाकडे? ती पाटणसईची कातकरी मुलगी, जिचं हिमोग्लोबिन पाच होतं, ती कोणाकडे? सर, तो उद्या तिकडे टेबलाशी उभा राहील. तुमच्या सहीवर विश्वास ठेवून ते त्याच्या हातात माणूस देतील. ते माणूस निळं पडलं तर तो काय करणार आहे?"

गावंड कोरा कागद ओढून लिहू लागले. पाच मिनिटांत पत्र झाले. एकशे सत्त्याऐंशी रुग्ण, सर्वांना भूल स्वतंत्रपणे दिली, दोन गंभीर प्रसंग उत्तमरीत्या हाताळले. खाली सही, शिक्का, या वेळी पूर्ण उमटलेला.

"घे. आता ही वही केरूला देऊन टाक, आणि विषय संपव."

हुमेराने पत्र वाचले. त्यातले अक्षर न् अक्षर खरे होते. ते घेऊन निघून जावे असे तिला मनापासून वाटले. दारापर्यंत ती गेलीही. तिथे तिला अर्जाच्या शेवटची ओळ आठवली. पत्रातील मजकुराची खातरजमा रुग्णालयाच्या नोंदींवरून केली जाईल. म्हणजे तिकडून विचारणा येणार, महिपती पक्की वही उघडणार, सहावा रकाना पाहून उत्तर देणार. आणि खोटी ठरणार ती हुमेरा. पत्र इतके चटकन का मिळाले, ते तिला आता उमगले.

"सर, पक्की वही दुरुस्त होणार की नाही?"

"तो माझा मुलगा आहे, हुमेरा."

"मग हे पत्र तुम्ही मला का दिलं?"

गावंडांनी समोरची फाइल उघडली. एवढे उत्तर तिला पुरे होते.

महिपतीच्या टेबलावर बसून तिने अर्ज लिहिला. नोंदवहीतील सहाव्या रकान्यातील नाव चुकीचे आहे, कॉल बुकातील नोंदींप्रमाणे ते दुरुस्त करावे. प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना. चंद्रावतीबाईंनी खाली आपले चार ओळींचे निवेदन जोडले. 'मी न वाचता सह्या केल्या, ही माझी चूक आहे', हे वाक्य त्यांनी स्वतःहून घातले आणि या वेळी सही करण्याआधी सगळे मोठ्याने वाचले.

"आवक क्रमांक घाल," हुमेरा म्हणाली.

महिपतीने शिक्का हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. "मॅडम, एकदा नंबर पडला की उत्तर द्यावंच लागतं. साहेबांना विचारून घेतो."

"मस्टरवर तीस सह्या घेताना कोनाला विचारलंस?" चंद्रावतीबाई म्हणाल्या. "घाल गप."

शिक्का पडला. त्याची शाई वाळली नव्हती तोच केरूमामा कॉल बुक घेऊन आला. पेणजवळच्या वाशी गावाकडची एक बाई, पहिलटकरीण, बाळाचे ठोके मंदावलेले. दुपारचे बारा दहा. हुमेराने वेळ घालून सही केली आणि धावली. गावंड तिच्यामागोमाग आले. त्यांनीही सही केली.

तासाभरात मुलगी झाली. टेबलाच्या या बाजूला हुमेरा आणि त्या बाजूला गावंड, दोघांत कामापुरतेच बोलणे झाले. "बधिर झालं का?" "झालं सर, करा सुरू." "प्रेशर?" "ठीक आहे." त्यांचे हात नेहमीसारखेच सुरेख चालत होते. ते पाहून हुमेराला अधिकच संताप आला. हा माणूस नुसता लबाड असता तर किती सोपे झाले असते.

बाहेर येताच तिने पक्की वही मागवली. महिनाअखेरीची वाट न पाहता, महिपतीच्या मोत्यासारख्या अक्षरांखाली, तिने आपल्या वेड्यावाकड्या डॉक्टरी अक्षरात आजची ओळ लिहिली आणि सहाव्या रकान्यात आपले नाव घातले. मग वही फिरवून गावंडांपुढे सरकवली. हातमोजे काढून ते नुसते उभे होते. त्यांनी ओळ वाचली. शल्यचिकित्सकाच्या रकान्यात सही केली आणि निघून गेले. वरच्या एकशे सत्त्याऐंशी ओळींकडे त्यांनी पाहिले नाही.

संध्याकाळच्या आत, क्वार्टरच्या पायरीवर, जिथे त्यातल्या त्यात रेंज येते तिथे बसून, हुमेराने स्कॉटलंडला मेल लिहिली. सोबत पत्र, नऊ कॉल बुकांतल्या आणि पक्क्या वहीतल्या पानांची छायाचित्रे, अर्जाची प्रत. मजकूर तिने दोनदा खोडून लिहिला. 'सोबतचे पत्र खरे आहे. रुग्णालयाच्या नोंदवहीत मात्र भूल देणारा म्हणून दुसऱ्याचे नाव आहे, आणि ते खोटे आहे. तुम्ही विचारणा केलीत तर त्या वहीप्रमाणे उत्तर येण्याची शक्यता आहे. त्याविरुद्ध मी केलेल्या अर्जाचा आवक क्रमांक खाली देत आहे.' मितेशचे नाव तिने मेलमध्ये लिहिले नाही. पानांच्या छायाचित्रांत मात्र ते होते, आणि ते झाकावे असे तिला वाटले नाही.

चंद्रावतीबाई शेजारी बसून पाहत होत्या. मेल गेल्याची खूण दिसायला बराच वेळ लागला.

"येवढं समदं वाचून त्यांनी नको म्हटलं तर गो?"

"तर शुक्रवारी माझी ड्युटी आहे," हुमेरा म्हणाली. "आणि ती वही आता मीच लिहिणार आहे."